जुना घडीचा चाकू: आधी वाचायचा, मग हात लावायचा

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा घरातल्याच एखाद्या ट्रंकेच्या तळाशी जुना इंग्रजी घडीचा चाकू सापडला, की बहुतेक जण आधी पॉलिश पेपर शोधतात. अर्ध्या तासात पातं चकचकीत होतं. त्याच अर्ध्या तासात पात्याच्या बुडाशी ठोकलेली कारखान्याची अक्षरं पुसट होतात, पात्यावर आम्लाने कोरलेलं नाव कायमचं जातं, कडा गोल होतात आणि शंभर वर्षांत पोलादावर चढलेला राखाडी-निळसर रंग निघून जातो. हे सगळं परत आणता येत नाही. गंज काढता येतो, किटण काढता येतं, अडकलेली घडी मोकळी करता येते, पण एकदा घासून गेलेला धातू गेला तो गेलाच. म्हणून या लेखात सफाई जरा उशिरा येईल. आधी चाकू ओळखायला शिकू.

घडीचे चाकू जगात पुष्कळ ठिकाणी झाले. जर्मनीत झोलिंगेन, फ्रान्समध्ये तिएर, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही त्यांची मोठी केंद्रं, आणि आपल्याकडे रामपूर. इथे मी मुख्यतः इंग्लंडमधल्या शेफील्डच्या चाकूंबद्दल लिहितो आहे. एक तर या प्रकारच्या चाकूची घडण तिथे शिगेला पोहोचली. दुसरं म्हणजे इंग्रजी अमलात तिथला माल हिंदुस्थानात भरपूर येत होता. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या कंपनीच्या कचेऱ्या एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कलकत्त्यात होत्या. म्हणून आपल्याकडच्या जुन्या घरांत, वकिलांच्या आणि कारकुनांच्या टेबलांच्या खणांत शेफील्डचं नाव कोरलेली पाती अजून निघतात.

चाकूला कुलूप नसतं, तरी पातं उघडं कसं राहतं?

हे समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. बंद चाकू पाठीकडून पाहा. दोन बाजूंच्या मुठींमध्ये पोलादाची एक पट्टी दिसते. ती स्प्रिंग. एका पात्याच्या चाकूत तिचं मागचं टोक आणि मधला भाग खिळ्यांनी जखडलेला असतो, पुढचं टोक मोकळं असतं. दोन्ही टोकांना एकेक पातं असेल, तर स्प्रिंग मधोमध पक्की आणि दोन्ही टोकं मोकळी. हे मोकळं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसलेलं असतं. पात्याच्या या जाड बुडाला टँग म्हणतात. पातं पूर्ण उघडतं तेव्हा स्प्रिंग टँगच्या एका सपाट बाजूवर बसते, मिटतं तेव्हा दुसऱ्या. मधल्या प्रवासात टँगचा कोपरा स्प्रिंगला उचलून धरतो, आणि कोपरा ओलांडला की स्प्रिंग झटक्याने खाली बसते. ‘टक्’ असा जो आवाज येतो तो हा. संग्राहक चाकू हातात घेतल्यावर उघडझाप करून हा आवाज ऐकतात, कारण त्यातून स्प्रिंगची ताकद आणि सांध्याची घट्टी दोन्ही कळतात.

टँगच्या धारेकडच्या अंगाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला किक म्हणतात. चाकू मिटला की हा उंचवटा स्प्रिंगवर टेकतो आणि धार स्प्रिंगला न लागता अधांतरी राहते. किक झिजली, किंवा चाकू मिटताना पातं वर्षानुवर्षं सोडून दिलं, तर धार स्प्रिंगवर आपटते आणि धारेच्या मधोमध एक चपटा डाग पडतो. बाजारात चाकू पाहताना हा डाग शोधायची सवय लावा. आणि आपला चाकू मिटताना पातं शेवटपर्यंत बोटांनी सोबत न्या, आपटू देऊ नका.

बाकी रचना थरांची. मुठीच्या आत दोन्हीकडे पितळेच्या, लोखंडाच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना लाइनर म्हणतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. लाइनरच्या टोकांना धातूच्या जाड टोप्या, म्हणजे बोल्स्टर. त्यांच्या मध्ये मुठीचं आवरण: हाड, शिंग, शिंपला, लाकूड. हे सगळं आरपार खिळ्यांनी जोडलेलं. स्क्रू कुठेच नाही. पात्याचा खिळा बोल्स्टरमधून जातो आणि चांगल्या चाकूत तो दिसतही नाही, कारण बोल्स्टरच्याच धातूचा खिळा ठोकून, कानस मारून एकजीव केलेला असतो.

आता महत्त्वाचं. हे सगळं हाताने जुळवलेलं असे. एका चाकूचं पातं त्याच नमुन्याच्या दुसऱ्या चाकूत सहज बसत नाही, कारण कारागिराने ते पातं त्या स्प्रिंगसाठीच कानसलेलं असतं. सुटे भाग ही कल्पनाच इथे लागू नाही.

शेफील्डमधली कामाची वाटणी

शेफील्ड आणि परिसराला हॅलमशर म्हणतात. तिथल्या चाकूवाल्यांची संस्था, कंपनी ऑफ कटलर्स, १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली. कारागिरांच्या खुणांची नोंद ती ठेवी. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या, जवळच दळायच्या दगडाच्या खाणी आणि कोळसा, अशी सगळी सोय त्या गावाला होती. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद हवं म्हणून मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. त्याआधीच्या पोलादात कुठे कठीण, कुठे मऊ असे थर राहत. मुशीतल्या पोलादाने चाकूचं पातं आणि स्प्रिंग दोन्ही भरवशाची झाली.

एक चाकू एक माणूस घडवत नसे. पातं तापवून ठोकणारा वेगळा, दगडावर घासून धार काढणारा वेगळा, आणि शेवटी सगळे भाग जुळवून मूठ बसवणारा वेगळा. त्यांतले कित्येक जण एखादी खोली किंवा चाकाजवळची जागा भाड्याने घेऊन स्वतंत्र काम करत आणि मोठ्या कंपन्यांना माल पुरवत. त्यांना तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणत. दगडावर घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जाई आणि त्यांतले पुष्कळ जण तरुणपणीच मरत. सुबक पात्याकडे पाहताना हे मला विसरता येत नाही. त्या सपाट, नितळ पृष्ठभागाची किंमत कुणीतरी फुप्फुसांनी मोजलेली आहे, आणि तो पृष्ठभाग आपण हौसेखातर घासून टाकावा हे मला पटत नाही.

या परंपरेतलं अलीकडचं मोठं नाव स्टॅन शॉ यांचं. चौदाव्या वर्षी ते कामाला लागले आणि म्हातारपणापर्यंत स्वतः एकट्याने घडीचे चाकू घडवत राहिले. २०२१ मध्ये ते वारले. त्यांच्या चाकूसाठी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं थांबत.

चाकूचं वय कसं ओळखायचं

टँगवर ठोकलेली अक्षरं वाचण्यासाठी भिंग आणि बाजूने पडणारा प्रकाश लागतो. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. चाकू तिरपा धरून टेबललँपचा उजेड पात्यावरून सरपटत जाऊ द्या, पुसट अक्षरं सावलीने उठून येतात. त्यांचा फोटो घ्या. सफाईआधीचा हा फोटो हीच तुमची खरी नोंद.

रॉजर्सची खूण म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकांकडे रुंद होत जाणारा क्रॉस. ही खूण त्या घराण्याकडे १७६४ पासून आहे. पुढे त्यांना राजघराण्याची मान्यता मिळाली आणि ते पात्यावर मुकुटाच्या दोन्ही बाजूंना राजाची आद्याक्षरं ठोकू लागले. ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा काळ. ‘ई आर’ असेल तर सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. ‘जी आर’ साधारणपणे त्यानंतरचं, पाचव्या जॉर्जपासून पुढे. आद्याक्षरांवरून काळाचा पट्टा मिळतो, नेमकं वर्ष नाही, कारण जुने ठसे हाताशी असले की कारखाना ते वापरतच राही.

दुसरी मोठी कंपनी जॉर्ज वॉस्टनहोम. तिची खूण ‘आय’, मग तारा, मग ‘एक्स एल’. या कंपनीचं सगळं लक्ष अमेरिकेच्या बाजारावर होतं, इतकं की शेफील्डमधल्या तिच्या कारखान्याचं नावच वॉशिंग्टन वर्क्स होतं. १९७१ मध्ये ती रॉजर्समध्ये विलीन झाली.

अमेरिकेच्या बाजारामुळे काळ ओळखण्याची आणखी एक किल्ली मिळते. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानुसार पुढच्या वर्षापासून आयात मालावर देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. त्यानंतर शेफील्डच्या पात्यांवर ‘इंग्लंड’ हा शब्द दिसू लागतो. नुसतं ‘शेफील्ड’ असेल आणि ‘इंग्लंड’ नसेल, तर चाकू त्याआधीचा असण्याची शक्यता वाढते. पक्का पुरावा मात्र नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर तो शब्द असायलाच हवा असं नव्हतं, आणि आपल्याकडचा माल अमेरिकेसाठी नव्हताच. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल, तर मात्र निःशंकपणे १९१३ नंतरचा. त्या वर्षी हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्येच न गंजणारं पोलाद बनवलं, आणि चाकूंत ते रुळायला आणखी काही वर्षं गेली.

अमेरिकन ‘केस’ कंपनीने संग्राहकांचं काम फारच सोपं करून ठेवलं. १९७० मध्ये त्यांनी टँगवर दहा ठिपके ठोकले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला. सात ठिपके दिसले की १९७३. शेफील्डमध्ये असली सोय नाही. तिथे खूण, आद्याक्षरं, मुठीचं साहित्य, बोल्स्टरचा आकार हे सगळं एकत्र जुळवून अंदाज करावा लागतो, आणि मला तरी यातच या छंदाचा खरा आनंद वाटतो.

मूठ कशाची आहे?

सांबराच्या शिंगाची मूठ असलेला चाकू शेफील्डचा असला तरी शिंग बहुधा आपल्याकडचं. सांबर दर वर्षी शिंगं टाकतं. युरोपातल्या हरणांच्या शिंगात आतला सच्छिद्र भाग जास्त असतो, सांबराचं शिंग भरीव आणि टणक. म्हणून भारत आणि श्रीलंकेतून ही गळलेली शिंगं शेफील्डला आणि झोलिंगेनला जात. पुढे भारताने त्यांची निर्यात बंद केली. स्वस्त मालासाठी गुराच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून, रंगवून, शिंगासारखं रूप देत. फरक ओळखायला भिंग पुरे. हाडात बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. शिंगाच्या सालीत नैसर्गिक पन्हळी असतात आणि कोणत्याही दोन मुठी सारख्या नसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसतात. शिंपला हाताला गार लागतो आणि फिरवला की रंग बदलतो.

हस्तिदंत आणि कासवाचं कवच यांबाबत मात्र स्पष्ट सांगतो: विकत घेऊ नका, विकू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांमुळे भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. चाकू किती जुना आहे याने फरक पडत नाही. सांबरही याच कायद्याखाली संरक्षित आहे. दुकानदार ‘जुनं आहे, चालतं’ म्हणाला तरी जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

सेल्युलॉइडची मूठ हा वेगळाच विषय आहे, आणि त्याबद्दल कमी लोक सांगतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कासवाच्या कवचाची, शिंपल्याची किंवा शिंगाची नक्कल या प्लास्टिकमध्ये करत. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून ते बनतं. अंगठ्याने मूठ जोरात चोळून लगेच वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. काही दशकांनी हे प्लास्टिक आपोआप विघटित होऊ लागतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. मूठ भेगाळते, आक्रसते, आणि तिच्या जवळचं पातं अचानक गंजायला लागतं. एवढंच नाही, त्याच डब्यातले शेजारचे निरोगी चाकूही गंजतात. त्यामुळे सेल्युलॉइडचे चाकू वेगळे, हवेशीर जागी ठेवायचे. त्यांना तापलेली सुई लावून परीक्षा करायची नाही, ते फार पटकन पेटतं.

घेताना काय पाहायचं

पहिला प्रश्न: पातं पूर्ण आहे का? वर्षानुवर्षं धार लावून पातं अरुंद होत जातं. नखाने उघडायची खाच आणि धार यांमधलं अंतर खूपच कमी दिसलं, किंवा मिटल्यावर पातं मुठीच्या आत फार खोल गेलं, तर बराच धातू गेलेला आहे. दोन पाती असतील तर त्यांची झीज एकमेकांशी ताडून पाहा. मोठं पातं कायम वापरात असे, छोटं बहुधा शाबूत सापडतं.

दुसरा प्रश्न: सगळे भाग एकाच वयाचे आहेत का? यासाठी मी सर्वांत आधी चाकूच्या पोटात बघतो, लाइनरच्या आतल्या बाजूला आणि स्प्रिंगच्या आतल्या अंगाला. तिथे कुणाचा हात पोहोचत नाही, म्हणून तिथली जुनाटपणाची साक्ष खरी असते. पातं चकचकीत आणि पोट खोल खड्डे पडलेलं, तर पातं घासलेलं आहे. पोट स्वच्छ आणि पात्यावरच गंज, तर पातं दुसऱ्या चाकूचं असू शकतं किंवा आम्ल लावून जुनं केलेलं. टँगवरची अक्षरं खोल आणि धारदार पण भोवतालचा धातू झिजलेला असेल, तर ठसा नंतर मारलेला. मुठीच्या कडेला पारदर्शक गोंद दिसला तर आवरण बदललेलं आहे.

तिसरा: पातं उघडून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल शंभर वर्षांच्या चाकूत चालते. वर-खाली हललं तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा तुटलेली, आणि ते दुखणं मोठं.

आता सफाई

चाकू उघडत नसेल तर पक्कड लावायची नाही. नखाच्या खाचेत पक्कड लावून पातं मोडलेले चाकू प्रत्येक जुन्या बाजारात दिसतात. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, चाकू कापडावर उभा ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरून जा. मग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने पातं पाठीकडून उचलायचा प्रयत्न करा. नाही हललं तर पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस. थोडंसं हललं की तेवढ्यातच मागे-पुढे करत राहा. तेल काळं होऊन बाहेर येतं, ते पुसा, नवं सोडा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. या कामात घाई करणाऱ्याचा चाकू मोडतो.

तेल कोणतं, याला अर्थ आहे. करडई, जवस यांसारखी तेलं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू चिकट होतात, शेवटी वार्निशसारखी घट्ट बसतात. स्वयंपाकघरातल्या तेलाने सांधा आज मोकळा होईल आणि वर्षभरात पुन्हा चिकटेल. खोबरेल तसं घट्ट होत नाही, पण थंडीत गोठतं आणि खवट होतं. खनिज तेल, म्हणजे मशीनचं तेल, यांपैकी काहीच करत नाही. घासलेटने किटण सुटतं, मात्र ते उडून जातं आणि मागे संरक्षण उरत नाही, म्हणून नंतर मशीनचं तेल हवंच.

पोटातलं किटण दातकोरण्याने, कापूस गुंडाळलेल्या काडीने आणि जुन्या टूथब्रशने काढायचं. पितळेच्या लाइनरवर हिरवट थर आला असेल, तर तोही तेल आणि लाकडी काडी यांनी निघतो. चाकू पाण्यात बुडवायचा नाही. हाड आणि शिंग पाणी पितात, फुगतात, वाळताना खिळ्यापाशी तडकतात.

आपल्या घरांत पितळ आणि तांबं चिंचेने किंवा लिंबाने घासतात, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. चाकूवर हे अजिबात नको. आम्ल गंज विरघळवतं तसं पोलादही खातं, सांध्यात शिरलं की धुऊन निघत नाही, आणि शिंपल्याची मूठ असेल तर ती तर कॅल्शियम कार्बोनेटच, आम्लाने तिची चमक क्षणात मरते. व्हिनेगरमध्ये चाकू रात्रभर बुडवून ठेवण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. सुट्या लोखंडी अवजाराला ते ठीक. हाड, पितळ, पोलाद एकत्र खिळवलेल्या वस्तूला नाही.

गंजाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. लाल-तांबूस, भुसभुशीत गंज जिवंत असतो. तो सच्छिद्र असल्याने हवेतली ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. काळा, गुळगुळीत, घट्ट चिकटलेला थर हे लोखंडाचं वेगळं ऑक्साइड. तो पुढे वाढत नाही, उलट थोडं रक्षणच करतो. फळं कापून, हाताळून, पुसून पात्यावर जी राखाडी-निळी छटा येते तीही याच बाजूची. लाल काढायचा, काळा ठेवायचा. सगळ्या दुरुस्तीचा गाभा हाच.

लाल गंजावर तेल टाकून थोडा वेळ मुरू द्या. मग तांब्याच्या नाण्याची किंवा तांब्याच्या पट्टीची कड त्यावरून ओढा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज खरवडला जातो, पातं ओरखडत नाही. उरलेलं काम तेलात भिजवलेल्या अतिबारीक स्टील वुलने करता येतं, बाजारात ती शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची म्हणून मिळते. हात पात्याच्या मूळ घासणीच्या दिशेने, हलका. टँगवरची अक्षरं आणि पात्यावरचं कोरीव नाव यांच्यावर स्टील वुल नको, तिथे नुसतं तेल आणि बोट. गंजाने पडलेले खड्डे भरून निघत नाहीत. ते नाहीसे करायचे तर आजूबाजूचं सगळं पातं त्या खोलीपर्यंत उतरवावं लागेल. खड्डे राहू द्या.

कोरड्या पडलेल्या हाडाला किंवा शिंगाला खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्या, तासाभराने कोरड्या कापडाने पुसून घ्या. बफ मशीन, म्हणजे चकाकी आणणारं फिरतं चाक, कशालाही लावायची नाही. दोन सेकंदांत ती अक्षरं आणि बोल्स्टरच्या कडा खाते, आणि चाकू हातातून हिसकावून फेकला गेला तर माणसालाही इजा करते.

धार लावायची का?

संग्रहात ठेवायचा आणि मूळ धार शिल्लक असलेला चाकू असेल, तर नाही. कारखान्यातून निघाल्यापासून ज्याला धार लावलेली नाही असा जुना चाकू दुर्मीळ असतो, आणि आपण निसण्यावर चार हात मारले की ते वैशिष्ट्य संपतं. रोज वापरायचा असेल, तर निसणा ओला करून, पातं साधारण १५ ते २० अंशांत धरून, दोन्ही बाजूंनी सारखं ओढायचं. जुनं कार्बन पोलाद निसण्यावर सहज धार घेतं.

रस्त्यावरच्या धारवाल्याकडे विळी आणि सुऱ्या खुशाल द्याव्यात. जुना चाकू नको, आणि यात त्याच्या कौशल्याचा दोष नाही. पात्याला कठीण करण्यासाठी ते लाल तापवून पाणी दिलेलं असतं, मग ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलकं तापवलेलं असतं. कोरड्या, जोरात फिरणाऱ्या चाकावर धारेचा कागदाएवढा पातळ भाग क्षणात तापतो. २२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादावर पिवळसर छटा येते, ३०० च्या आसपास निळी. निळी झाली की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ पडला, तिथे धार टिकणार नाही, आणि तो घासून काढल्याशिवाय उपाय नाही.

कुठे थांबायचं

ढिला सांधा घट्ट करण्यासाठी बोल्स्टरवर हातोडी मारण्याचा सल्ला अनेक जण देतात. कसबी कारागीर ऐरणीवर, खिळ्याच्या नेमक्या डोक्यावर, हलक्या ठोक्यांनी ते करतो. घरी केलं तर बोल्स्टरला चपटा डाग पडतो किंवा शेजारचं हाड तडकतं. तुटलेली स्प्रिंग बदलायची म्हणजे सगळे खिळे काढायचे, नवी पट्टी कानसून बसवायची, तिला पाणी द्यायचं, पुन्हा खिळवायचं. हे होऊ शकतं. पण त्यानंतर तो चाकू जुना आणि नवा असा मिश्र होतो आणि संग्रहाच्या दृष्टीने त्याची किंमत घसरते. माझं मत असं: आजोबांचा चाकू असेल, तो वापरायचा असेल, तर जरूर करा. विकत घेतलेला नमुना असेल, तर आहे तसा ठेवा. आणि काहीही बदललं असेल, तर पुढच्या घेणाऱ्याला सांगा. चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवली, कुठे मिळाला, कधी, काय काय केलं, तर पुढच्या पिढीचं काम फार सोपं होतं.

सांभाळ आणि कायदा

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हाच खरा शत्रू. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादावर डाग पाडतात. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवावा (सेल्युलॉइड सोडून, हे वर सांगितलंच). संग्रहालयांत वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण तेलापेक्षा चांगलं, कारण ते कोरडं बसतं आणि धूळ धरत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात त्याचं हे पॉलिश तयार झालं. बोटांच्या घामातलं मीठ रात्रीत ठसा उमटवतं, म्हणून हाताळल्यावर दर वेळी पातं पुसायचं.

भारतात शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले जातात. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. शेफील्डचे खिशातले चाकू या मापाच्या खूप आत येतात. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर काही ठिकाणी वेगळी बंधनं आहेत, त्यामुळे तसला चाकू घेण्याआधी चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची, तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथे ३ इंचांपर्यंत धार असलेला, कुलूप नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येतो. कुलूप असलेला मात्र योग्य कारणाशिवाय नाही.

सुरुवात कुठल्या चाकूने करावी, असं कुणी विचारलं तर मी दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश लष्करी चाकू सुचवतो. काळी, चौकटीच्या नक्षीची मूठ, एक बोथट टोकाचं पातं, डबा उघडायचं हत्यार, आणि पुष्कळदा पाठीवर दोराच्या गाठी सोडवायचा जाड टोच्या. सरकारी मालाची खूण असलेला बाण आणि वर्ष त्यावर ठोकलेलं असतं, त्यामुळे वयाबद्दल वाद नाही. ते लाखोंनी बनले, म्हणून महाग नाहीत, आणि दणकट असल्याने नवशिक्याच्या हाताला पुरून उरतात. मुठीत हाड-शिंग नसल्याने कायद्याचीही अडचण नाही. हातात आला की पहिलं तेल टोच्याच्या सांध्यात सोडा. सर्वांत कमी उघडला गेलेला आणि म्हणून सर्वांत घट्ट बसलेला सांधा बहुधा तोच असतो.